स्वस्त तिकीट की पॉइंट्स? ८,७०० रुपयांच्या एका चुकीचा हिशेब

गेल्या जूनमध्ये एक ईमेल आला. 'तुमच्या खात्यातले ६,००० पॉइंट्स ३० तारखेला बाद होणार आहेत.' मी तो वाचला, वापरता येतात का ते बघितलं, एकही तिकीट बसेना, आणि ३० तारीख निघून गेली. एवढंच झालं. पण त्या पॉइंट्ससाठी मी कधीकाळी खिशातून किती पैसे मोजले होते ते आठवलं आणि मग रात्री झोप लागेना.

गोष्ट २०२२ च्या उन्हाळ्यातली. पहिलीच परदेशी कॉन्फरन्स, व्हिएन्नाला. प्रवास अनुदान मिळालं होतं, पण त्याची अट अशी की त्या दिवशीच्या सगळ्यात स्वस्त तिकिटाइतकेच पैसे परत मिळतील, वरचा खर्च ज्याचा त्याने. मुंबईहून दोन पर्याय समोर होते. एक ५८,४०० रुपयांचं, ज्यावर पॉइंट्स मिळत नव्हते. दुसरं ६७,१०० चं, एका मोठ्या विमान कंपनीचं, पॉइंट्सवालं. लॅबमधला एक सीनियर म्हणाला, "अरे, पॉइंट्स म्हणजे पैसेच असतात. पुढच्या वेळी दिल्लीचं तिकीट फुकट पडेल." मी दुसरं घेतलं. फरक ८,७०० रुपये. तेव्हा माझी जेआरएफ महिना ३१,००० होती, म्हणजे महिन्याच्या फेलोशिपच्या पाव भागापेक्षा जास्त.

आता गंमत अशी की मी अर्थशास्त्रात पीएचडी करतोय आणि माझा विषयच मुळी कंपन्या किमती कशा ठरवतात हा आहे. गाईड मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "यातला रिसर्च क्वेश्चन काय आहे, ते लिहून आण." त्या कागदावरूनच ही पोस्ट तयार झाली. तुमच्यापैकी बरेच जण सध्या 'टॉपिक मिळत नाही' या अवस्थेत आहेत. एखादा साधा, घरगुती प्रश्न संशोधनाचा प्रश्न कसा होतो, हे दाखवायला हे उदाहरण चांगलं आहे. शिवाय कॉन्फरन्सचं तिकीट तुम्हालाही कधीतरी काढायचंच आहे.

तर सुरुवात करू. 'स्वस्त तिकीट चांगलं की पॉइंट्सवालं?' हा अजून प्रश्न झालेला नाही, कारण एका पारड्यात रुपये आहेत आणि दुसऱ्यात भलतंच काहीतरी. आधी पॉइंटची रुपयांत किंमत काढायला हवी. इंटरनेटवर याचं एक सरधोपट सूत्र सापडतं: रोख तिकिटाची किंमत घ्या, त्यातून पॉइंट्सवर काढलेल्या तिकिटाला जे कर आणि शुल्क रोखीत भरावं लागतं ते वजा करा (होय, 'फुकट' तिकिटावरही हे भरावंच लागतं), आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंट्सनी भागा. समजा मुंबई–दिल्ली तिकीट ६,००० रुपयांना आहे. तेच पॉइंट्सवर घ्यायचं तर ६,५०० पॉइंट्स आणि वर १,१०० रुपये. म्हणजे ४,९०० भागिले ६,५००. एका पॉइंटला साधारण ७५ पैसे. हे आकडे मी हिशेबापुरते घेतलेत, पण सूत्र हेच.

या सूत्रातली चूक मला त्या कागदावर लिहिताना दिसली. मी दिल्लीला ६,००० रुपये देऊन कधी गेलोच नसतो! विमान २,५०० च्या आसपास मिळालं तर घेतो, नाहीतर सरळ रेल्वे. म्हणजे ते तिकीट माझ्यासाठी २,५०० चंच आहे, बाजारात त्याच्यावर कितीचाही आकडा लागलेला असो. मग माझा हिशेब होतो २,५०० वजा १,१००, म्हणजे १,४००, भागिले ६,५००. एका पॉइंटला साडेएकवीस पैसे. एखाद्या वस्तूची किंमत मोजताना 'ती नसती तर मी काय केलं असतं आणि त्याला किती लागले असते' हे विचारायचं, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. स्वतःच्या तिकिटाच्या वेळी मी ते विसरलो.

अजून संपलं नाही. पॉइंट मिळाला म्हणजे तो वापरला जाईलच असं नाही. मुदत संपते, हव्या तारखेला पॉइंट्सवाली सीट नसते, तिकिटाला लागतात त्यापेक्षा थोडे कमीच पॉइंट्स साठलेले असतात. माझ्या खात्यात ६,००० होते आणि लागत होते ६,५००, तो प्रकार तुम्हीही कुठेतरी अनुभवला असेल. माझ्यासारख्या वर्षा-दोन वर्षांतून एकदा उडणाऱ्याने ते वापरण्याची शक्यता मी प्रामाणिकपणे ४० टक्के धरली. साडेएकवीस पैशांचे झाले साडेआठ-नऊ पैसे. ६,००० पॉइंट्सचे ५००-५२५ रुपये. त्यासाठी मी ८,७०० मोजले होते.

इथे मॅडमनी लाल पेनने एक शेरा मारला होता: "दोन्ही तिकिटं बाकी सगळ्या बाबतीत सारखी होती?" नव्हती. सामानाची मर्यादा दोन्हीकडे सारखीच होती, पण स्वस्त तिकिटात मधल्या विमानतळावर सात तास थांबायचं होतं आणि महागात दोन. म्हणजे ८,७०० चा सगळा फरक पॉइंट्सच्या नावावर टाकणं चूक आहे. त्यातला काही भाग त्या पाच तासांचा आहे. मग स्वतःला विचारलं, ते पाच तास वाचवायला मी किती दिले असते? हजार, फार तर दीड हजार. ते वजा केले तरी चित्र काही बदलत नाही. पण तो शेरा लक्षात ठेवा. दोन किमतींमधला फरक दिसला की तो आपल्याला हव्या त्याच कारणामुळे आहे असं धरून चालायचं, ही संशोधनातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महाग चूक आहे. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

आता माझ्याऐवजी एखादा कन्सल्टंट घ्या. दर आठवड्याला मुंबई–दिल्ली करणारा, पॉइंट्स वाया जाऊ न देणारा. त्याच्यासाठी पॉइंट पूर्ण ७५ पैशांचा, वापरण्याची शक्यता ९५ टक्के. ६,००० पॉइंट्स म्हणजे साधारण ४,२७५ रुपये. म्हणजे या पक्क्या गड्यालासुद्धा स्वतःच्या खिशातून ८,७०० जास्त देणं परवडत नाही! मग असली तिकिटं घेतं कोण? उत्तर सोपं आहे. ८,७०० त्याची कंपनी देते आणि ४,२७५ त्याच्या वैयक्तिक खात्यात जमा होतात. त्याच्या दृष्टीने खर्च शून्य.

पॉइंट्सच्या सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे. तिकीट निवडणारा एक, पैसे देणारा दुसरा, आणि बक्षीस निवडणाऱ्याला. अर्थशास्त्रात याला प्रिन्सिपल-एजंट प्रश्न म्हणतात. घरचं किराणा सामान आणायला पाठवलेल्या माणसाला दुकानदार परस्पर चॉकलेट देतो, तसं काहीसं. जर्मनीत २००२ मध्ये यावरून मोठं वादळ झालं होतं. सरकारी प्रवासातून मिळालेले मैल खासगी सहलींना वापरल्याचं उघड झालं आणि बर्लिनचे अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री ग्रेगोर गीझी यांनी राजीनामा दिला. उलट अमेरिकेने २००१ च्या अखेरीस कायदा करून केंद्रीय कर्मचाऱ्यांना सरकारी प्रवासाचे मैल स्वतःसाठी ठेवायची परवानगी दिली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या सूचना जर्मनीच्या बाजूच्या आहेत: सरकारी प्रवासाचे पॉइंट्स सरकारी प्रवासालाच वापरायचे. आणि २०२२ च्या जूनमध्ये अर्थ मंत्रालयाने त्याच्या आधीचीच पायरी आवळली. दौऱ्याचं तिकीट निवडलेल्या वेळेच्या टप्प्यातलं सगळ्यात स्वस्त, शक्यतो २१ दिवस आधी काढलेलं असावं. निवडायलाच वाव ठेवला नाही की चॉकलेटचा मोह कामाचा राहत नाही. माझ्या अनुदानाची अटही त्याच जातीची होती. ती अट मला तेव्हा जाचक वाटली होती. खरं तर ती मला वाचवू बघत होती आणि मी खिशात हात घालून तिच्यावर मात केली.

थोडा इतिहास, पटकन. अमेरिकेत १९७८ पर्यंत विमानाची भाडी सरकारी मंडळ ठरवायचं. त्या वर्षी नियंत्रण उठलं, नव्या स्वस्त कंपन्या आल्या, आणि जुन्यांना प्रश्न पडला की नेहमीचा गिऱ्हाईक धरून कसा ठेवायचा. १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सने 'अ‍ॅडव्हांटेज' सुरू केलं. नेहमीचे प्रवासी कोण हे शोधायला त्यांनी आपल्या आरक्षण प्रणालीत वारंवार येणारे फोन नंबर पाहिले होते. काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना आणली आणि मग सगळेच लागले. गरज होती स्वस्त तिकिटाला तोंड देण्याची, आणि तोंड दिलं ते भाडं न उतरवता.

म्हणून 'स्वस्त की पॉइंट्स' हे दोन स्वतंत्र पर्याय योगायोगाने आपल्यासमोर येत नाहीत, ते तसे मांडलेले असतात. विमानात इकॉनॉमीच्या सगळ्या सीटा सारख्याच, पण विकताना त्यांचे दहा-पंधरा कप्पे पाडलेले असतात. प्रत्येक कप्प्याला एक इंग्रजी अक्षर, एक भाडं आणि काही नियम. सगळ्यात स्वस्त कप्प्याला बहुतेक वेळा पॉइंट्स नाममात्र किंवा शून्य. तुम्हाला किती परवडतं हे कंपनी विचारू शकत नाही, म्हणून ती असे कप्पे समोर ठेवते की तुम्ही निवडलात की आपोआप कळतं.

पूर्वी यात गरीब प्रवाशाला एक फट होती. पॉइंट्स अंतरावर मिळायचे. मुंबई–न्यूअर्क एका बाजूचं सुमारे ७,८०० मैल, म्हणजे जाऊन-येऊन साडेपंधरा हजारांच्या वर. तिकडे शिकणाऱ्या आपल्या मुलांनी वर्षातून एकदा घरी यायचं स्वस्तातलं तिकीट काढलं तरी, तो कप्पा पूर्ण मैल देणारा असला तर, खाती भरायची. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने आणि २०१६ मध्ये अमेरिकनने मोजपट्टीच बदलली. आता मैल मिळतात ते भरलेल्या डॉलरवर. बदलाच्या वेळी साध्या सदस्याला डॉलरमागे ५ ठरले. कर सोडून ८०० डॉलरचं तिकीट असेल तर ४,०००. त्याच विमानातून, तेवढंच अंतर उडून. लुफ्तान्साने २०१८ मध्ये आणि एअर इंडियाने २०२४ मध्ये तोच रस्ता धरला. स्वस्त तिकीट शोधणाऱ्याला पॉइंट्स कमी, हे आता नियमातच बसवलेलं आहे.

तरीही माणसं पॉइंट्सच्या मागे का लागतात? म्हणजे, मी का लागलो? क्रिस्टोफर शी आणि सहकाऱ्यांचा २००३ चा एक पेपर मला फार आवडतो. त्यात सहभागींना दोन कामांतून एक निवडायचं होतं. सहा मिनिटांचं केलं तर व्हॅनिला आइस्क्रीम, सात मिनिटांचं केलं तर पिस्ता. बहुतेकांना व्हॅनिलाच जास्त आवडत होतं, आणि बहुतेकांनी लहान काम घेतलं. दुसऱ्या गटाला तेच सांगितलं, फक्त मध्ये पॉइंट्स घातले: लहान कामाला ६०, मोठ्याला १००. ५० ते ९९ पॉइंट्सना व्हॅनिला आणि १०० ना पिस्ता. बाकी काही बदललं नाही. तरी आता बऱ्याच जास्त लोकांनी मोठं काम उचललं आणि स्वतःला कमी आवडणारं आइस्क्रीम घेतलं. ६० पेक्षा १०० मोठे, म्हणून. मधलं चलन हेच ध्येय होऊन बसतं. प्रयोग किती साधा आहे बघा. यंत्र नाही, मोठा निधी नाही. दोन गट आणि त्यांच्यात नेमका एकच फरक. तुमच्या पहिल्या रिसर्च प्रपोजलमध्ये 'मोठ्या प्रमाणावर सर्वेक्षण' लिहिण्याआधी हा पेपर वाचा.

आता जरा अवघड प्रश्नाकडे. माझं नुकसान झालं हे ठीक, पण ज्यांनी आयुष्यात कधी पॉइंट्स घेतले नाहीत त्यांनाही या योजनांमुळे जास्त भाडं पडतं का?

१९८७ मध्ये हार्वर्डच्या एका डिस्कशन पेपरमध्ये दोघांनी याचं सैद्धांतिक उत्तर दिलं. एक लॉरेन्स समर्स. दुसरे तेव्हा तिथेच पीएचडी करत असलेले अभिजित बॅनर्जी, जन्म मुंबईचा, आई मराठी, मधलं नाव विनायक. होय, तेच २०१९ चे नोबेलवाले. (गरिबीवरच्या कामाआधी ते विमानाच्या मैलांवर लिहीत होते, ही गोष्ट मी टॉपिक न मिळणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.) त्यांचा मुद्दा साधारण असा: दोन कंपन्या हुबेहूब सारखी सेवा विकत आहेत, तर भाडेयुद्ध होऊन किंमत खाली यायला हवी. पण दोघींनीही आपापल्या जुन्या गिऱ्हाइकाला पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली की प्रत्येकीचं गिऱ्हाईक बांधलं जातं. समोरचीचं गिऱ्हाईक ओढायचं तर भाडं त्या सवलतीपेक्षाही जास्त उतरवावं लागेल, ते परवडत नाही. मग कुणीच उतरवत नाही. एका खोलीत बसून संगनमत न करता संगनमताचा परिणाम मिळतो.

मांडणी सुंदर आहे, पण ती मांडणी झाली. खऱ्या जगात तसं होतं का, हे कसं दाखवणार? १९८९ मध्ये सेव्हरिन बोरेनस्टाइन यांनी दाखवलं होतं की एखाद्या विमानतळावर एका कंपनीचा वरचष्मा असला की तिथून निघणाऱ्या मार्गांवर तिची भाडी चढी असतात. पण का? पॉइंट्समुळे? की गेट आणि उड्डाणाच्या वेळा तिच्याच ताब्यात आहेत म्हणून? की तिथून कंपनीच्या खर्चाने जाणारे प्रवासी जास्त आहेत म्हणून? माझ्या दोन तिकिटांचाच प्रश्न, मोठ्या आकारात. ८,७०० चा फरक पॉइंट्सचा की पाच तासांचा?

याला तोड काढली मारा लेडरमन यांनी, २००७ आणि २००८ च्या दोन पेपरांत. त्यांची युक्ती नीट समजून घ्या, कारण पीएचडीच्या मुलाखतीत 'आयडेंटिफिकेशन म्हणजे काय' हा प्रश्न हमखास येतो. समजा एखाद्या अमेरिकी कंपनीने युरोपातल्या कंपनीशी करार केला की तुमच्या विमानांवर आमचे पॉइंट्स चालतील. या कराराने डॅलस–शिकागो या देशांतर्गत मार्गावर काय बदललं? विमानं तीच, वेळा त्याच, गेट तीच. बदलली एकच गोष्ट: डॅलस–शिकागोवर मिळालेला पॉइंट आता जास्त कामाचा झाला, कारण तो पॅरिसलाही चालतो. म्हणजे बाकी सगळं जागच्या जागी ठेवून फक्त पॉइंटची किंमत हलवणारा धक्का बाहेरून मिळाला. त्यानंतर त्या कंपनीची देशांतर्गत मागणी आणि भाडी कुठे हलली ते बघायचं. लेडरमन यांना दिसलं की परिणाम मुख्यतः कंपनीचा वरचष्मा असलेल्या विमानतळांवरून निघणाऱ्या मार्गांवर येतो, आणि तिथल्या चढ्या भाड्यांतला एक लक्षणीय भाग पॉइंट्स योजनांच्या खात्यात जातो.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मेसमध्ये जेवायचं विसरलो होतो. पॅरिसच्या करारावरून शिकागोच्या भाड्याचं कारण शोधायचं, हे सुचणं म्हणजे काय!

सगळ्यांना अशी संधी मिळत नाही, आणि मिळाल्यासारखी वाटली तरी फसू शकते. नॉर्वेचं उदाहरण घ्या. २००२ मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने एसएएस या कंपनीला देशांतर्गत उड्डाणांवर पॉइंट्स द्यायला मनाई केली. २००७ मध्ये ती सगळ्या कंपन्यांना लागू झाली आणि २०१३ मध्ये उठली. माझ्यासारख्या उतावळ्या विद्यार्थ्याला वाटतं, वा, बंदीच्या आधीची आणि नंतरची भाडी घ्या, वजाबाकी करा, पेपर तयार! पण तारखा नीट बघा. बंदी लागू झाली १ ऑगस्ट २००२ ला, आणि १ सप्टेंबर २००२ ला नॉर्वेजियन ही स्वस्त भाड्याची कंपनी एसएएसच्या मुख्य देशांतर्गत मार्गांवर उतरली. भाडी उतरली असतील तर ती पॉइंट्स गेले म्हणून की स्पर्धक आला म्हणून? त्यातही बंदीचा हेतूच नव्या कंपनीला वाट मोकळी करून देणं हा होता, म्हणजे एक कारण दुसऱ्यातून निघालेलं. सरळ वजाबाकीने हे सुटणारं नाही. मी या कल्पनेवर तीन आठवडे घालवले आणि मग सोडून दिली. ते तीन आठवडे वाया गेले असं मला वाटत नाही. पण प्रगती अहवालात त्याचं एकच वाक्य झालं.

आपल्याकडे या विषयात फारसं खोदलं गेलेलं नाही, आणि तुमच्यासाठी जागा आहे ती इथेच. भारतातली सगळ्यात मोठी विमान कंपनी इंडिगो २००६ मध्ये उडायला लागली, देशांतर्गत बाजाराचा ६० टक्क्यांहून मोठा हिस्सा तिने मिळवला, आणि हे सगळं स्वतःच्या पॉइंट्स योजनेशिवाय! ती योजना, ब्लूचिप, आली २०२४ मध्ये. म्हणजे अमेरिकेत जे हत्यार नसेल तर टिकता येत नाही असं चार दशकं मानलं गेलं, ते न वापरता इथे कंपनी पहिली आली. का? इथले बहुतेक प्रवासी स्वतःच्या खिशातून पैसे देतात आणि भाडंच बघतात, हे एक संभाव्य उत्तर. की पॉइंट्सवर इथे विश्वासच कमी आहे? २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली तेव्हा लोकांच्या खात्यातल्या पॉइंट्सना अर्थ उरला नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट थांबली, पण तिची पॉइंट्स योजना वेगळ्या कंपनीकडे होती आणि त्यात मोठा वाटा एतिहादचा होता. विमानं गेली आणि पॉइंट्स मागे राहिले, नंतर इंटरमाइल्स या नावाने. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा तिचे पॉइंट्स महाराजा क्लबमध्ये आले. आपण साठवतो ती रुपयासारखी वस्तू वाटते, पण तिची छपाई, दर आणि मुदत तिन्ही एकाच कंपनीच्या हातात असतात. २०२० मध्ये महामारीत युनायटेडने कर्जासाठी आपली पॉइंट्स योजनाच तारण ठेवली. कंपनीने तिचं मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर दाखवलं होतं, आणि त्या वेळी शेअर बाजारात आख्ख्या युनायटेडची किंमत त्याहून बरीच कमी होती. मैल बँकांना विकून क्रेडिट कार्डांमार्फत येणारा पैसा मोजला तर ते पटतं. पण तो वेगळ्या पोस्टचा विषय.

प्रश्न चांगला आहे, डेटाचं काय? अमेरिकेत सरकार विकल्या गेलेल्या तिकिटांचा नमुना प्रसिद्ध करत आलं आहे, भाड्यासकट. वर सांगितलेल्या कामांसारखं बरंचसं काम अशा डेटावर उभं राहतं. आपल्याकडे डीजीसीएचे प्रवासीसंख्येचे आणि बाजारहिश्शाचे मासिक आकडे मिळतात, पण प्रत्येक तिकिटाचं भाडं असलेला तसा खुला नमुना नाही. म्हणून मी सध्या रोज सकाळी नऊ वाजता ठरलेल्या बारा मार्गांची भाडी एका स्क्रिप्टने उतरवून घेतो. जाहीर भाडं म्हणजे विकलं गेलेलं भाडं नव्हे, हे मॅडम दर बैठकीत आठवण करून देतात.

विचाराल म्हणून सांगतो, आता मी तिकीट कसं काढतो. आधी पॉइंट्स शून्य धरून दोन्ही पर्यायांची तुलना. वेळ, सामान, तिकीट बदलायचं शुल्क, सगळं त्यात. भाडी सारखी निघाली तरच सदस्य क्रमांकाचा विचार. क्रमांक मात्र फुकट मिळतो, तो टाकायला हरकत नाही. आणि पैसे अनुदानाचे असतील तर पॉइंट्स कुणाचे, हे आधी कार्यालयात ईमेलने विचारून ठेवायचं. उत्तर उशिरा येतं, पण येतं.

पुढच्या महिन्यात गुवाहाटीला एक वर्कशॉप आहे. तिकीट काल काढलं, सगळ्यात स्वस्त कप्प्यातलं, कोलकात्याला चार तास थांबून. बुकिंगच्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की या भाड्यावर पॉइंट्स मिळणार नाहीत. चार तासांत एक रेफरी रिपोर्ट लिहून होईल.